टिंब राहिलंय

नंदा गेल्याचा फोन पुण्याहून सकाळी आला, तेव्हा माझ्या एका हातात भाकरीचा तुकडा होता आणि दुसऱ्या हातात चहाचा कप. भाकरीबरोबर चहा पिणारी बाई म्हणून आमच्या दौंडच्या आळीत मला नावं ठेवतात, पण त्याचं कारण पुढं सांगते. फोनवर माझा धाकटा भाऊ होता. "अक्का, आटपलं," एवढंच बोलला... मी कप खाली ठेवला. भाकरीचा तुकडा कुठं ठेवला, ते मला अजून आठवत नाही.

नंदा माझ्या ह्या भावाची मुलगी, माझी भाची. मी तिची आत्या. सहा वर्षांची असल्यापासून ती माझ्याजवळ दौंडला वाढली आणि मोठी झाल्यावर इथल्याच एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायला लागली. तर त्या दिवशी दुपारी छापखान्याच्या दारात पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद लागला. मालक अण्णांनी स्वतः बसून तयार केलेला. डोळ्यांत पाणी असल्यामुळं त्यांना नीट दिसलं नसावं. त्यावर छापलं होतं, 'कु. नदा हिला भावपूर्ण श्रद्धाजली.' दोन टिंबं राहिली होती. एक तिच्या नावावरचं, एक श्रद्धांजलीतलं. माणसं हात जोडून पुढं जात होती आणि मला मेलीला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. ही पोरगी असती, तर स्वतःच्या मरणाच्या कागदालासुद्धा लाल पेनानं गोल केले असते आणि म्हणाली असती, "अण्णा, गेलेल्या माणसाला तरी पुरं नाव द्या." मी घरी गेले, तिच्या पर्समधला लाल पेन आणला आणि खुर्चीवर चढून दोन्ही टिंबं देऊन टाकली. आमचे हे खाली खुर्ची धरून उभे होते. येणारेजाणारे बघत होते, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून. म्हणू देत. त्या कागदासमोरून तिला पुण्याहून आणणारी गाडी जाणार होती, आणि चुकीच्या नावानं मी तिला जाऊ देणार नव्हते.

आमचं माहेर मांडवगण फराट्याचं. घराणं मूळचं मेंढपाळ. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तरणे होते तोवर मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, पुढं जमीन कसायला लागले आणि एका जागी बसले. नंदा जन्मली तेव्हा गोरीपान म्हणून आम्ही कौतुक केलं. सात-आठ महिन्यांत लक्षात आलं की हा गोरेपणा नव्हे, पोरगी पांढरी पडत चाललीय. शिरूरच्या एका दवाखान्यात तिला रक्त वाढायचं लोखंडाचं टॉनिक दिलं. ते आम्ही इमानेइतबारे पाजलं. नंतर पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. ते म्हणाले, हिला थॅलेसेमिया आहे. हिचं शरीर धड रक्त बनवूच शकत नाही. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागणार, जन्मभर. आईबापांत हा दोष अर्धा-अर्धा असतो, त्यांना काही होत नाही. दोन अर्धे एका लेकरात एकत्र आले की मग हे असं.

आबा फेटा मांडीवर घेऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी डाक्टर, दोन पांढऱ्या मेंढरांच्या पोटी मधीच एखादं काळं कोकरू येतं, तसं?"

डॉक्टर बघतच राहिले. "अगदी तसंच, आबा. मी कॉलेजच्या पोरांना हे समजावायला तासभर घेतो."

"मग त्यात काय शिकायचं? मेंढा निवडताना आमी त्याच्या आज्या-पणज्यापत्तूर बघतो. माणसं निवडताना बघायचं असतं, हे मात्र कुणी सांगितलं न्हाई."

नंदाची आई म्हणजे आमच्या सख्ख्या मामाची मुलगी. घरातली पोरगी घरात येऊ दे म्हणून ते लग्न हट्टानं जमवलं होतं ते मी. माझ्याकडं त्या वेळी कुणीही बघितलं नाही, आबांनीसुद्धा नाही. ते न बघणंच मला जास्त लागलं... म्हणून पुढं जेव्हा तिला दौंडला ठेवायचं निघालं, इथून पुण्याला रेल्वेनं जायला सोपं म्हणून, तेव्हा मी कुणाला बोलूच दिलं नाही. म्हणाले, पोरगी माझी. आमचे हे रेल्वेत होते. त्यांनी फक्त विचारलं, "तिला गाडीचा लाल डबा आवडतो का निळा?" म्हणजे त्यांचा होकार.

रक्त भरून आली की दोन दिवस ती कोंबड्यासारखी ताठ मानेनं फिरायची. येताना गाडीत मला सांगायची, "आत्ते, ह्या बारीला पोलिसाचं चढलंय बघ. सारखं कुणावर तरी ओरडावंसं वाटतंय." एकदा घरी आल्यावर बसल्या बैठकीला तिनं पाच भाकरी खाल्ल्या आणि पैलवानाचं रक्त म्हणून जाहीर केलं. परीक्षेच्या आधी रक्तपेढीतल्या बाईंना विचारायची, "एखाद्या गणिताच्या मास्तरांचं न्हाई का शिल्लक?" आणि निकाल लागला की म्हणायची, "मास्तरांचं म्हणून गळ्यात मारलं, शिपायाचं निघालं."

पण चढवलेल्या रक्ताबरोबर लोखंड येतं. आपल्या अंगाला ते बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते साठत जातं, काळजात, यकृतात, सगळीकडं. ते काढायला पोटाच्या कातडीत सुई खुपसून, छोट्या पंपानं, तासन्‌तास औषध सोडायचं. आणि खाण्यात लोखंड कमी ठेवायचं. आता मला सांगा, आपल्याकडं पांढरीफटक पोरगी दिसल्यावर बायका काय करतात? आमच्या दारात रांग लागायची. कुणी बीट आणायचं, कुणी खजूर, कुणी गूळ-शेंगदाणे, कुणी हळिवाचे लाडू. मी दारातच ते काढून घ्यायची. त्या काळात माझं वजन वाढलं ते ह्यामुळं. शेजारच्या काकूंनी एकदा सरळ तोंडावर म्हटलं, "पोरीच्या अंगात रक्तच न्हाई, आन् तुमी तिला पालक देत न्हाई?" नंदा आतून ओरडली, "काकू, रक्त लई हाय, पर सगळं दुसऱ्याचं हाय." डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र छान सांगितली होती. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोखंड अंगाला कमी लागतं. तेव्हापासून आमच्या घरात भाकरीबरोबर चहा सुरू झाला. तिला एकटीला कसंतरी वाटेल म्हणून मीही प्यायला लागले. ती जाईल तिथं सांगायची, "डॉक्टरांनी लिहून दिलाय." लग्नाच्या पंगतीत चहा मागायची आणि वाढप्याला औषधाचा कागद दाखवायची.

आणि माझी कढई गेली. माझ्या आईची लोखंडी कढई होती, दोन हातांनी उचलावी लागणारी. तिच्यातली हुलग्याची शेंगोळी म्हणजे आमच्या माहेरची शान. लसणाची फोडणी, आणि खाली धरलेली खरपुडी, तिच्यावरून भांडणं व्हायची. नंदाचा जीव त्या शेंगोळीवर. पण लोखंडाच्या भांड्यात शिजवलेलं तिला चालत नव्हतं. मी ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात शेंगोळी केली. तिनं दोन घास खाल्ले आणि अगदी पाहुण्यासारखं म्हणाली, "चांगली झालीय." ते ऐकून मला कढईच पाण्यात टाकावीशी वाटली. टाकली नाही. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

ती दहा-अकरा वर्षांची असेल, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले की परदेशात जीन थेरपी म्हणून काम चाललंय. रक्त जिथं तयार होतं तिथल्या मुळातच दुरुस्ती करायची. झालं तर मग ह्या रक्ताच्या बाटल्या नाहीत, पंप नाही, काही नाही. "पाच वर्षांत काहीतरी येईल," ते म्हणाले. आबा त्या खेपेला मुद्दाम मांडवगणहून आले होते. मेंढरांच्या मागं फिरताना सामान वाहायला त्यांच्याकडं तट्टू असायचं, आणि जीन म्हणजे त्यांना एकच ठाऊक, तट्टाच्या पाठीवरचं खोगीर.

"जीन बदलणार म्हंता?" आबा म्हणाले. "बराबर हाय. जीन नीट बसलं न्हाई की पाठ सोलवटती. त्यात तट्टाची काय चूक? लोक उगा तट्टू इकून टाकत्यात."

डॉक्टरांनी दोन-तीनदा समजावलं की जीन म्हणजे ते नव्हे. आबांनी मान डोलावली आणि खाली उतरल्यावर नंदाला जवळ घेऊन म्हणाले, "तू काय खराब न्हाईस, माजे आई. तुजं जीन बसलं न्हाई नीट. पाच वर्सं कळ काढ." मला वाटतं, डॉक्टरांपेक्षा आबांनाच ते बरोबर कळलं होतं.

घरी आल्यावर मी एका जुन्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं आणि सुतळीनं कढईला बांधलं. माझी शाळा दुसरीत सुटलेली. वाचायला मी शिकले ते किराण्याच्या पुड्यांवर आणि दौंड स्टेशनातल्या पाट्यांवर. लिहायला तर कुणी शिकवलंच नाही, माझं मीच. तर मी लिहिलं, 'जिन येइपर्यत काडु नये.' आणि नंदाला शब्द दिला, तुझी जीन आली की त्याच दिवशी कढई खाली, शेंगोळी, आणि खरपुडी सगळी तुझी.

पाच वर्षं झाली. आबा तोवर गेले. जाताना शुद्धीत होते, नंदाला विचारलं, "जीन आलं का गं?" ती म्हणाली, "शिक्रापूरपत्तूर आलंय, आबा. ट्रकांच्या गर्दीत अडकलंय." ते हसत गेले म्हणायला हरकत नाही. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, काम जोरात चाललंय, पाच वर्षांत येईल. पुढच्या पाच वर्षांनीही तेच म्हणाले. नंदा त्यांना म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दर पाच वर्षांनी येतो म्हणणारे दोघंच. एक तुम्ही आन् एक आमदार. आमदार निदान मत मागायला तरी येतो." डॉक्टर भला माणूस. खुर्चीत मागं टेकून हसले आणि मग चष्मा पुसत बराच वेळ बसले.

बारावी झाल्यावर तिनं छापखान्यात काम धरलं. संगणकावर पत्रिका जुळवायची, छापायच्या आधी कच्चा कागद काढायचा आणि लाल पेनानं चुका दाखवायच्या. पंप कमरेला छोट्या पिशवीत बांधून दिवसाच लावायची, म्हणजे औषध चालू आणि कामही चालू. तेव्हा मोबाईल नवीनच आलेले. वरवंडच्या एका गिऱ्हाईकानं तिच्या कमरेकडं बोट दाखवून विचारलं, "ताई, एक अर्जंट फोन लावू का?" ही म्हणाली, "ह्याला आउटगोइंग न्हाई, भाऊ. नुसतं इनकमिंग." तो बिचारा नाव विचारून गेला, कुठल्या कंपनीची स्कीम आहे ते.

तिच्या आधी त्या छापखान्यात कसं चालायचं, ते विचारू नका. 'आपले नम्र'च्या जागी 'आपले नग्न' छापून गेलेली एक पत्रिका होती, खाली घरातल्या सगळ्या थोर माणसांची नावं. अण्णांनी ती काचेखाली जपून ठेवली होती, स्वतःला भीती राहावी म्हणून. नंदा आली आणि चुका बंद झाल्या. टिंबांवर तर तिचा भारी डोळा. तिच्या नावातच टिंब, आणि मी जन्मभर तिला 'नदा' लिहीत आलेली. भावाला, म्हणजे तिच्या वडलांना, पत्र लिहिलं की ती आधी लाल पेनानं तपासायची. "आत्ते, अनंत आशीर्वादातलं टिंब राहिलंय. दादांना अर्धाच आशीर्वाद पोचंल."

एकदा डॉक्टरांनी तिला वहीत काढून दाखवलं की हा आजार म्हणजे काय. म्हणाले, आपल्या प्रत्येकाच्या आत एक लांबच लांब मजकूर असतो, रक्त कसं बनवायचं तेही त्यात लिहिलेलं असतं. तुझ्या मजकुरात एका ठिकाणी एक अक्षर चुकलंय. नंदा कितीतरी वेळ त्या वहीकडं बघत होती. मग म्हणाली, "एवढंच? म्हंजी टिंब राहिलंय. अहो, हे आमच्याकडं मिनिटात देतात."

"आम्हाला नेमकं तिथं पोचता येत नाही अजून," डॉक्टर म्हणाले.

"मग अण्णांना पाठवू का?"

पण त्या दिवसापासून तिचा भरवसा पक्का झाला. आधी ती माझं मन राखायला हो म्हणायची, आता तिला स्वतःला पटलं होतं. म्हणायची, "आत्ते, चूक सापडलीय ना, मग दुरुस्ती होणारच. चूक सापडायलाच वेळ लागतो. मला फक्त छपाई संपायच्या आत दुरुस्ती पायजे."

मधल्या काळात एक स्थळ आलं. वरवंडचा मुलगा, शिक्रापूरला कंपनीत. बहिणीच्या लग्नाची पत्रिका करायला आला आणि पुढं उगाचच यायला लागला, एकदा तर फक्त स्वल्पविराम बदलायला आला. रक्तपेढीत बदली रक्त द्यायला आपल्याकडची माणसं न्यावी लागायची, त्यात हाही दोनदा रक्त देऊन आला. नंदानं त्याला आधी सगळं सांगितलं, त्याची तपासणी करायला लावली. त्याच्यात दोष नव्हता. घरचे बघायला आले. बोलणं चांगलं चाललं होतं, तेवढ्यात त्याचे चुलते म्हणाले, "पर एक अडचण हाय. आमच्या पोरानं हिला रक्त दिलंय."

"मग?" माझा भाऊ म्हणाला.

"मग रक्ताचं नातं झालं की. भाऊ-बहीण झाले. लगीन कसं लावायचं?"

सगळे विचारात पडले. खरंच पडले, मी थट्टा करत नाही. आमचे हे म्हणाले, दोनच बाटल्या होत्या. चुलते म्हणाले, बाटल्या मोजून नातं ठरतं व्हय. त्यांना आजाराची भीती होती हे आम्हाला कळत होतं, पण तोंडावर म्हणायचं नाही एवढी माणुसकी त्यांनी राखली होती. नंदा चहा घेऊन आली. म्हणाली, "काका, तुमचं बराबर हाय. पर वीस-बावीस वर्षं मी पुणे जिल्ह्याचं रक्त घेतीय. म्हंजी सगळ्या जिल्ह्यात माझे भाऊच. आत्ते, आता नदीपलीकडं नगर जिल्ह्यात बघाय लागंल." चुलतेसुद्धा हसले. हसत हसत सगळे उठले आणि ते तिथंच मोडलं. मुलगा त्यानंतर काही दिवस यायचा, मग शिक्रापूरलाच खोली घेऊन राहिला. मी रात्रीच्या भाकरी थापताना तिला विचारलं, वाईट वाटलं का. ती म्हणाली, "हसून मोडलं ते बरं झालं, आत्ते. रडून मोडलं असतं तर ध्यानात राहिलं असतं..." तिच्या ध्यानात होतंच. बहिणीच्या त्या पत्रिकेची एक प्रत तिच्या पर्समध्ये होती, लाल पेनाच्या शेजारी. परवा मला सापडली. त्यात एकही चूक नाही.

त्यानंतर तिनं एक उद्योग केला. शिरूरकडच्या एका लग्नाच्या पत्रिकेत, अगदी तळाला, बारीक अक्षरात तिनं आपल्या मनानं एक ओळ घातली, 'पत्रिका जुळली, आता दोघांचं रक्तही तपासून घ्या.' सगळ्या प्रती छापून गेल्या. दोन दिवसांनी मुलीचे वडील गठ्ठा काखेत मारून छापखान्यात हजर. "हे काय छापलंय? आमच्या खानदानाच्या रक्तात खोट हाय व्हय?" अण्णा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले. नंदा उभी राहिली. पंपाची पिशवी, सुईची नळी, सगळं त्यांना दाखवलं आणि म्हणाली, "काका, माझ्या आईबापांच्या पत्रिकेवर ही ओळ कुणी छापली न्हाई. छापली असती, तर आज तुमाला तरास द्यायला मी नसते." ते गृहस्थ गठ्ठा तसाच काखेत घेऊन निघाले. दारातून परत वळून म्हणाले, "तपासणी कुठं करत्यात?"

तिनं हे घरी सांगितलं तेव्हा मी चुलीपाशी होते. माझा हात थांबला. ती लगेच म्हणाली, "आत्ते, तसं न्हाई गं. तुला म्हणून न्हाई बोलले." मी म्हणाले, माहीत आहे. पण आम्ही दोघींनी त्या विषयावर आयुष्यात बोललेलं तेवढंच.

मागच्या दिवाळीनंतर तिला दम लागायला लागला. छापखान्याची तीन पायऱ्यांची चढण, तिथं ती दोनदा थांबायची आणि म्हणायची, "स्वल्पविराम." लोखंड काळजात साठलं होतं. पुण्याला ठेवलं. एक दिवस मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणाले, साहेब, माझ्याकडून काही चुकलं का? मी तर इतकी वर्षं कढईसुद्धा घरात वापरली नाही. माळ्यावर आहे. त्यांना आधी कळेनाच. कळल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "आजी, लोखंड येतं ते चढवलेल्या रक्तातून. त्यापुढं कढईतलं म्हणजे चिमूटभर. कधीमधी शेंगोळी केली असती, तरी फारसा फरक पडला नसता."

मी खाटेपाशी आले. नंदानं सगळं ऐकलं होतं. ऑक्सिजनची नळी लावलेली, आणि गालात हसत होती.

"तुला ठावं होतं?" मी विचारलं.

"आठवीत होते तवापासनं."

"मग बोलली का न्हाईस गं? एवढी वर्षं ते पातेल्यातलं गिळलंस..."

"कढई वर गेली तवापासनं तू जरा नीट झोपाय लागली होतीस, आत्ते." मग दम खाऊन म्हणाली, "तुला माझ्यासाठी कायतरी करायचं होतं ना. मला तरी कुठं दुसरं काय मागता येत होतं."

मी म्हणाले, मी आत्ता जाते, उद्या डब्यात शेंगोळी घेऊन येते. त्याच कढईतली. तिनं माझा हात धरला. "न्हाई. पाटीवर काय लिवलंय? तसंच व्हायला पायजे. मी तपासलेला मजकूर हाय तो, आता बदल न्हाई." हे तिचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. भावाला तिच्यापाशी ठेवून मी दौंडला आले, आणि चार दिवसांनी त्याचा फोन आला.

दहाव्याला गावाकडची बरीच माणसं आमच्या घरी उतरली होती. एवढ्यांचं रांधायला मोठं भांडं हवं, म्हणून माझी धाकटी जाऊ शिडी लावून माळ्यावर चढली. वरून तिचा आवाज आला, "अवं जाऊबाई, हितं एवढी मोठी कढई हाय की. आन् ही पाटी कसली बांधलीय?" मी खाली शिडी धरून उभी होते. तिनं पोतं बाजूला करून मोठ्यांदा वाचलं, "जीन येईपर्यंत काढू नये."

मी म्हणाले, नीट वाच, तसं नाही लिहिलेलं. माझं लिहिलेलं मला माहीत. ती म्हणाली, असंच हाय. मी ह्या वयात शिडीवर चढले. पुठ्ठा तोच, माझी पेन्सिलीची अक्षरं तीच. पण 'जिन'ची वेलांटी लाल पेनानं दीर्घ केलेली होती, 'येइ'चा 'येई' झाला होता, 'काडु'चा 'काढू'. आणि 'पर्यत'वर एक ठसठशीत लाल टिंब. कधी चढली होती वर, देव जाणे. दम लागायला लागायच्या आधीच कधीतरी.

जाऊ माझ्या तोंडाकडं बघत होती. "ही जीन कोण वं? पाव्हणी हाय का तुमच्याकडली?"

"व्हय," मी म्हणाले.

"कवा येणार हाय?"

"पाच वर्षांत."

"मग तवर कढई अशीच ठेवायची?"

"अशीच ठेव. नंदासारखी कुणाची तरी पोरगी असंल, तिला खरपुडी लागंल."

तिनं पोतं पुन्हा गुंडाळलं. दहाव्याचा स्वयंपाक शेजारच्या काकूंच्या पातेल्यात झाला. जेवायला बसल्यावर मी चहा मागितला, तर वाढणाऱ्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, द्या, डॉक्टरांनी लिहून दिलाय.

हे सगळं मी चार दिवस बसून लिहिलंय. आता तपासायला कोणी नाही, म्हणून तिचा लाल पेन घेऊन माझी मीच वाचत गेले. बाकीच्या चुका राहिल्या असतील, त्या पोटात घाला. पण तिचं नाव जिथं जिथं आलंय, तिथं मी बोट ठेवून बघितलंय. पाच ठिकाणी टिंब राहिलं होतं, ते दिलंय.